इंजिन थंड होईपर्यंत

मी हे लिहितो आहे याबद्दल आधीच माफी मागतो. पुरवणीत लेख लिहावा असा माझा काही अधिकार नाही. ज्यांच्याबद्दल लिहायचं आहे ते पुढारी नव्हते, गुरुजी नव्हते. यवतमाळ-दारव्हा सडकेवर एक जुनी मोटार चालवणारे गृहस्थ होते. आणि लिहिणारा मी. अमरावतीच्या कॉलेजात शिकतो. माझ्या घरात माझ्याआधी कोणी पाटी हातात धरलेली नाही, त्यामुळे गेलेल्या माणसाबद्दल कसं लिहितात हे मला कोणाला विचारता आलं नाही. आमच्या मराठीच्या सरांना मी सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "लिहून काढ, बरं वाटेल." बरं वाटेल की नाही ते ठाऊक नाही. खरं म्हणजे मला वाईट वाटतंय का, हेच मला नीट कळत नाही... थावरू काका गेले हे मला माहीत आहे. गणिताचं उत्तर पुस्तकाच्या शेवटी पाहून माहीत व्हावं आणि मधली रीत येऊ नये, तसं माहीत आहे. त्यांना जाऊन काही आठवडे झाले. रडू आलेलं नाही. जेवण जातं, झोप लागते. परवा इथल्या मोटारस्टँडवर एका बसच्या तोंडातून वाफ निघत होती आणि क्लीनर हातात फडकं घेऊन झाकणाकडे निघाला होता. मी नुसता म्हणालो, "थांबा थोडं." तो माझ्याकडे बघून हसला, पण थांबला. मी पुढे निघून गेलो. तेव्हाही काही वाटलं नाही.

आमचा तांडा बोरी अरबहून थोडा आत आहे. माझ्या आज्याच्या काळापर्यंत आमचे लोक बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर हिंडायचे. त्याला आम्ही लदेणी म्हणतो. पुढे आगगाडी आली, सडका झाल्या, लदेणी संपली आणि लोक कपाशी, ज्वारी, तूर करू लागले. तरी बैलांची माया गेली नाही, आणि नायकाचा मानही गेला नाही. नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख. लदेणीत त्याचा बैल सर्वांच्या पुढे चालायचा आणि बाकी सगळे मागून. नायकाच्या बैलाला कोणी ओलांडत नसे. आता बैल नाहीत, पण रस्त्याने नायक पायी चालले असले तर तांड्याचा माणूस अजूनही त्यांना मागे टाकून पुढे जात नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यावरून घडलं.

थावरू काका माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. मोठ्यानं बोलणारे, मोठ्यानं हसणारे, आणि थोडे बढाईखोरही. तरुणपणी यवतमाळला एका जिनिंगवाल्या शेठच्या मोटारीवर क्लीनर म्हणून लागले, मग त्याच मोटारीचे ड्रायव्हर झाले. शेठनं नवी मोटार घेतली तेव्हा जुनी काकांनी मागून घेतली, आणि तिच्यासाठी घरची बैलजोडी विकली. तांड्यात बैल विकून मोटार आणणारा हा पहिला माणूस. काकी महिनाभर त्यांच्याशी बोलली नव्हती म्हणतात. घरात आम्ही गोरबोली बोलतो, बाहेर वऱ्हाडी. काका मात्र मोटारीत बसले की घरच्या माणसांशीही वऱ्हाडीच बोलायचे. "आपली बोली हिले समजत नाई," म्हणायचे. "शेठाच्या घरची आहे ना."

मॅट्रिकच्या अभ्यासासाठी मी सकाळी त्यांच्या अंगणात बसायचो, कारण आमच्या घरी लहान भावंडांचा गलका असे. त्यामुळे त्यांची सकाळ मला पाठ झाली. चहाच्याही आधी, इंजिन रात्रभरानं थंडगार असताना, ते पुढचं पाण्याचं झाकण उघडून आत बोट घालायचे आणि पाणी कुठवर आहे ते बघायचे. पाणी कमी असलं की बोरीच्या विहिरीचं गोडं पाणी काकीच्या जुन्या ओढणीच्या फडक्यातून गाळून ओतायचे. तांड्याची विहीर खारी आहे. ते पाणी त्यांनी मोटारीला कधी दिलं नाही. "खाऱ्या पाण्यानं आतमधी खपली धरते. चहाच्या केटलीत पाह्य, कशी धरते," असं मला सांगायचे. काकी चुलीपासून म्हणायची, "आमी मानसं खारं पेतो, अन् मोटारीले गोडं!" त्यावर काका, "तुले सडकेवर चढ चढा लागते काय?" मग पाण्याच्या रबरी नळ्या दाबून पाहायच्या, कुठं मऊ पडल्या का, चिरा गेल्या का. पंख्याचा पट्टा अंगठ्यानं दाबायचा. त्यानंतर टायर. आमच्या वाटेला बाभळीचे काटे फार, तेव्हा दाभण घेऊन एकेका खाचेतला काटा ते उकरून काढायचे. मग काठीनं प्रत्येक चाकाला ठोकून कान देऊन ऐकायचे. चारही चाकं एका सुरात बोलली पाहिजेत. एखादं बद्द बोललं की पंप घेऊन बसायचे आणि घामाघूम व्हायचे.

हे सगळं ते जन्मतः शिकून आले नव्हते. सुरुवातीला उन्हाळ्यात ते टायरांतली थोडी हवा सोडून द्यायचे. उन्हानं हवा फुगते, म्हणून आधीच जागा करून ठेवावी, असा त्यांचा हिशोब. एकदा चैत्रातल्या चतुर्थीला बोरीच्या माणसांना कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला नेताना भर सडकेवर मागचं टायर फुटलं. मोटार भेलकांडून कडेच्या नालीत जाऊन टेकली. लागलं कोणालाच नाही. पण एका म्हातारीनं खाली उतरून जो तोंडाचा पट्टा सोडला तो काका पुढे कितीतरी दिवस तिच्या आवाजात म्हणून दाखवायचे: "देवाले भेटवतो म्हणे! अशानं भेटवतं काय रे मुडद्या?" टायर का फुटलं ते त्यांना यवतमाळच्या एका मिस्त्रीनं सांगितलं. हवा कमी असलेलं टायर जास्त दबतं, जास्त घासतं आणि जास्त तापतं. तेव्हापासून हवा भरायची किंवा मोजायची ती सकाळी, थंड्या चाकांत; आणि तापलेल्या चाकाची हवा काढायची नाही. "उपाशी बैल ओझ्याखाली आधी बसते," असं ते हे शास्त्र सांगायचे. त्यांना प्रत्येक गोष्ट बैलावर आणल्याशिवाय चैन पडत नसे.

त्यांच्या उजव्या हाताची कातडी मनगटापासून कोपरापर्यंत गुळगुळीत आणि फिकट होती. क्लीनर असताना शेठला घाई होती म्हणून त्यांनी उकळत्या मोटारीचं झाकण नुसत्या हातानं फिरवलं होतं. आतलं पाणी कारंज्यासारखं वर आलं. तोंड वळवलं म्हणून डोळे वाचले. ही गोष्ट सांगताना मात्र ते बढाई मारत नसत. "कोनाच्याच घाईनं झाकण उघडायचं नाई. सोताच्या बी नाई," एवढंच म्हणायचे.

आता जमिनीच्या तारखेचं. आपला जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला त्या सुमारासची गोष्ट. तांड्याचे लोक कसत असलेल्या माळाच्या जमिनीबद्दल दारव्ह्याला साहेबासमोर तारीख होती. पेरणीच्या आधी निकाल लागला तर त्या वर्षी कपाशी टाकता येणार होती, नाहीतर माळ पडीक राहणार होता. नायकांनी जायचं, आणि वाचायला येतं म्हणून बरोबर मी. बैलबंडीनं गेलो तर उशीर होईल म्हणून काकांची मोटार. बैल विकल्याबद्दल नायकांच्या मनात अढी होती, पण तांड्याचं काम म्हणून ते मागच्या सीटवर ताठ बसले. काका इतके खूश होते की गाणं म्हणत होते. दारव्ह्याच्या अलीकडे एक लांब चढ आहे. ऊन तापलेलं, वारा पाठीमागून. चढ अर्धा झाला आणि पुढच्या जाळीतून वाफ दिसली. काकांनी गाणं थांबवलं, मोटार कडेला घेतली आणि मागेपुढे करून तिचं तोंड वाऱ्याकडे वळवलं. इंजिन बंद केलं. इंजिनावरचा पत्रा बाजूनं, अंग लांब ठेवून, उचलला. आणि येऊन उभे राहिले.

"काय झालं?" नायकांनी विचारलं.

"तापली, नायक. थोडा दम खाऊ द्या."

"दम? साहेब उठून जाईन तिकडं. डब्यात पानी आहे ना? ओत अन् चाल."

"आत्ता नाई ओतता येत. झाकण उघडलं त वाफ तोंडावर येईन. अन् तापल्यावर थंडं पानी पडलं त इंजिन तडकन. मंग ना आज पोचू ना उद्या."

नायक खाली उतरले. "मले शिकवून राह्यला? लोहार लाल झालेलं लोखंड पान्यातच बुडवते ना? तडकते काय कधी?"

काका डोकं खाजवून म्हणाले, "नायक, लदेणीवर चढ चढून आलेल्या बैलाले तुमी लगेच पानी दाखवत होते काय? आधी ओझं उतरवत होते, घाम वाळू देत होते."

"बैल जीव आहे, थावरू. हे लोखंड आहे. बैल विकून लोखंड आणलं, अन् आता लोखंडाचे लाड करून राह्यला!"

नायकांनी पाण्याच्या डब्याकडे हात नेला. काका दोन्ही हात पसरून इंजिनासमोर उभे राहिले. नायकांचा हात अडवलेला मी तोवर कधी पाहिला नव्हता. नायकांनी धोतर सावरलं आणि मला म्हणाले, "चाल रे शिकलेल्या. आपल्याले पाय आहेत." आणि आम्ही पायी निघालो.

बऱ्याच वेळानं मागून मोटारीचा आवाज आला. मला हायसं वाटलं. मोटार आमच्या मागे येऊन हळू झाली. काका डोकं बाहेर काढून म्हणाले, "नायक, बसा आता. झाली थंडी." नायकांनी मान वळवली नाही. "नायक, उन्ह लागून राह्यलं, बसा." नाही. आता काकांनी सरळ पुढे जायला हवं होतं. दारव्ह्याला पोचून साहेबाला नुसतं सांगायला हवं होतं की तांड्याचे लोक येताहेत, थांबा. कोणीही हे केलं असतं. पण पुढे नायक चालत होते, आणि नायकांना ओलांडून जायचं म्हणजे... काकांच्या हातून ते झालं नाही. हॉर्नसुद्धा वाजवला नाही. ते आमच्या टाचांमागून, पहिल्या गिअरमध्ये, पायी माणसाच्या चालीनं मोटार चालवत राहिले. मोटारीला त्या चालीचा वारा लागत नाही. थोड्याच अंतरावर ती पुन्हा तापली. आवाज थांबला. मी मागे वळून पाहिलं तर काका पुन्हा तिचं तोंड वाऱ्याकडे वळवत होते.

आम्ही पोचलो तेव्हा साहेब उठून गेले होते. पुढची तारीख पडली ती पेरणीनंतरची. जमीन पुढे मिळाली, पण त्या वर्षी माळ पडीकच राहिला, आणि ते तांड्यातल्या प्रत्येक घराला जाणवलं. नायकांनी शिवीगाळ केली नाही. पंचायतही बसवली नाही. चावडीवर एवढंच म्हणाले, "मी त्याच्या मोटारीत बसनार नाई." तेवढं पुरे होतं. ज्या मोटारीत नायक बसत नाहीत तिच्यात तांड्याचं कोण बसेल? लग्नाला बंडी, दवाखान्याला बंडी, बाजाराला पायी. पोरं काकांना थावरसिंगऐवजी थांबसिंग म्हणू लागली. विहिरीवर बायका काकीला विचारायच्या, "आज कुठं थांबले तुमचे?" काकी भांडून यायची आणि तो राग घरी काकांवर निघायचा.

काकांनी बोरीची, लोहाऱ्याची, यवतमाळची गिऱ्हाईकं धरली आणि पोट चालवलं. पण त्यांचा जीव तांड्यातच अडकला होता. दर बाजाराच्या दिवशी ते मोटार पुसून नायकांच्या दारासमोर उभी करायचे आणि विचारायचे, "नायक, येता काय?" नायक पिशवी खांद्याला लावून बाहेर यायचे, मोटारीकडे न बघता म्हणायचे, "मले घाई आहे," आणि पायी चालू लागायचे. सगळा तांडा हसायचा. मग काका नायक दिसेनासे होईपर्यंत तिथंच थांबायचे, कारण पुन्हा तेच, त्यांना ओलांडून जाता येत नव्हतं. बाजारच्या गिऱ्हाइकांना उशीर व्हायचा. मी एकदा म्हणालो, "काका, तुमी कायले विचारता दर वेळी?" ते म्हणाले, "मोटार चुकीच्या वेळी तापली, बावा. पन म्या थांबवली ते चुकीचं नाई. हे नायकाले समजलं पाह्यजे. ते एक डाव बसले ना, मंग माहं काम झालं."

मी मॅट्रिक झालो आणि अमरावतीला जायचं ठरलं, तेव्हा यवतमाळच्या स्टँडपर्यंत काकांनीच सोडलं. मोटार तांड्यात आणली नाही. सडकेवर उभी ठेवली आणि माझी पेटी वडिलांनी डोक्यावरून तिथवर नेली, म्हणजे कोणी पाहिलं तरी पोरगा सडकेनं गेला एवढंच दिसावं. वडील बसले नाहीत. हात जोडून काकांना म्हणाले, "भाऊ, वाईट मानू नको." काका म्हणाले, "कायचं वाईट? पोरगं त बसलं ना." वाटभर ते मला काहीबाही सांगत होते. वाफ संपल्यावरही झाकणावर जाड फडकं ठेवायचं, तोंड बाजूला करायचं, आधी थोडंच फिरवायचं, आतला श्वास जाऊ द्यायचा, मगच काढायचं; पाणी ओतायचं ते इंजिन चालू ठेवून, बारीक धारेनं. मी कधी मोटार चालवणार होतो? पण ते असं सांगत होते जणू मी तिथं हेच शिकायला चाललो आहे. मी "हो, हो" म्हणत होतो. माझ्या मनात होस्टेल कसं असेल तेच होतं.

कॉलेजात पहिल्याच सहामाहीत प्रोफेसरांनी एक काचेचा पेला तापवून त्यात थंड पाणी ओतलं. पेला टक्‌ करून तडकला. एक भाग आधी आकसतो, दुसरा मागे राहतो, म्हणून, असं त्यांनी फळ्यावर लिहिलं. मी वहीत उतरवलं, आणि मला काका इंजिनासमोर हात पसरून उभे दिसले. दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांना हे सांगितलं. ते पोट धरून हसले. "म्हणजे कॉलेजात बी हेच सांगतात? मंग इथंच राह्यला असता ना लेका!" मग एकदम गंभीर होऊन म्हणाले, "जा. नायकाले सांग. तू शिकलेला आहे. माहं नाव नको घेऊ."

मी गेलो. नायक बाजेवर बसून सुतळी वळत होते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता, त्यामुळे बोटांनी चाचपून वळत होते. मी पेल्याचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "काच तडकन. काच तडकतच असते. लोहाराचं लोखंड काहून नाई तडकत, ते सांग." पुस्तकात लोहार नव्हता. तेवढ्यात आतून नायकांची बायको, आम्ही त्यांना नायकण म्हणतो, भाकरी थापता थापता बोलल्या, "तापल्या तव्यावर म्या पानी टाकलं होतं त तुमीच बोंबलले होते ना, तवा फोडला म्हनून? तो का काचेचा होता?"

"तो बिडाचा होता," नायक म्हणाले.

मी घाबरत घाबरत म्हणालो, "नायक, इंजिन बी बिडाचंच असते. लोहार ठोकते ते लोखंड येगळं. बीड वतून करतात, ते तडकते."

नायकांची सुतळी थांबली. मग ते नायकणीला म्हणाले, "मंग हे थावरूनं तवाच काहून नाई सांगितलं?"

"तुमी आयकत होते काय?" नायकण म्हणाल्या. "तुमी त पायी निंगाले होते."

मी परत येऊन काकांना सगळं जसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं होतं ते पुन्हा हसतील. ते हसले नाहीत. जोत्यावर बसून राहिले आणि म्हणाले, "पाह्य बावा. उत्तर चुलीवर होतं, अन् मी बैल सांगत बसलो." दुसऱ्या दिवशी बाजार होता. मोटार पुसून त्यांनी नायकांच्या दारासमोर नेली आणि विचारलं, "नायक, येता काय?" नायक बाहेर आले. मोटारीकडे पाहिलं. "आज नाई," म्हणाले. घाई आहे असं म्हणाले नाहीत. काका मला कोपरानं ढोसून म्हणाले, "आज नाई म्हनले! आयकलं? आज नाई!" ... मी सुट्टी संपवून अमरावतीला परतलो. ती आमची शेवटची भेट. ती शेवटची आहे असं तेव्हा काही वाटलं नव्हतं, त्यामुळे निरोप घेताना काय बोललो तेही आठवत नाही. आठवायचा पुष्कळ प्रयत्न केला.

परीक्षा संपली आणि मी घरी निघालो. यवतमाळच्या स्टँडबाहेर जिथं काकांची मोटार उभी असायची तिथं कोणाची तरी बंडी सोडलेली होती. मला वाटलं, भाडं लागलं असेल. बसनं बोरीपर्यंत आलो. फाट्यावर वडील उभे होते. ते कधी मला घ्यायला येत नाहीत. पेटी उचलून म्हणाले, "आधी नायकाकडं जाऊ." मी विचारलं, "काका?" वडील म्हणाले, "नायकच सांगतील. त्यांनीच म्हनलं होतं, कोनी सांगू नका." आणि तांडा येईपर्यंत ते पुढे, मी मागे, असे चाललो. मला तेव्हाच कळलं असावं. पण मी शेतातल्या कपाशीच्या पऱ्हाट्या बघत चाललो होतो, एवढंच आठवतं.

नायक त्याच बाजेवर बसले होते. मला जवळ बसवलं. एका डोळ्यावर पांढरी पट्टी होती. त्यांनी माझा हात हातात घेतला, तो धरूनच ठेवला, आणि जे सांगितलं ते मी त्यांच्याच शब्दांत लिहितो. ह्याच्यापुढे मला काही लिहिता येत नाही.

"तुहे पेपर होते, बेटा. म्याच म्हनलं, पोराले कळू देऊ नका. मले डोळ्याचं दाखवाले यवतमाळले जायाचं होतं. थावरूच्या दारात मी सोता गेलो. म्हनलं, चाल, बसतो तुह्या मोटारीत. काकीनं सीटवर घोंगडी टाकून देल्ली. सारा तांडा पाह्याले उभा. लोहाऱ्याच्या अलीकडं मोटार तापली. त्यानं कडेले घेतली, तोंड वाऱ्याकडं केलं, पत्रा उचलला. मले म्हने, नायक, आता येळ लागन. मी म्हनलं, लागू दे. तो हासला. म्हने, छातीत जरासं भरून आलं, तवरोक या निंबाखाली आडवा होतो. गमछा तोंडावर घेतला अन् पडला. मी मोटारीतच बसलो. मले दुरून काई दिसत नाई, बेटा. वाटे झोपला. पहाटपासून मोटार धूत होता, झोपू दे. उन्ह फिरलं. मी उतरून पत्र्याले हात लावून पाह्यला, थंडगार. मनात आलं, हाक मारावं. मंग म्हनलं, नाई. तो सांगन तवाच. एक डाव त्याच्यावर घाई करून पाह्यली होती म्या. परत जाऊन बसलो. सावली पार सडकेच्या पलीकडं गेली. मंग एक बंडीवाला आला, त्यानं गमछा काढून पाह्यलं, अन् मले हाक मारली... इंजिन केव्हाचंच थंडं झालं होतं, बेटा. पन म्या त्याले घाई नाई केली."